नमुना क्षेत्र क्रमांक सतरा

हरसूलच्या पुढे जीपचा रस्ता संपतो,
तिथून तासभर चाललं की
नमुना क्षेत्र क्रमांक सतरा.
बाजू एकतीस मीटर बासष्ट सेंटिमीटर,
म्हणजे दहा गुंठ्यांना जरा कमी.
चार कोपऱ्यांत चार खुंट्या, भोवती सुतळी.
देशाचं जंगल एवढ्यातून गुणून काढायचं असतं.

मी सांख्यिकी कार्यालयातली. नाशिकला माझ्या टेबलावर
द्राक्षं टनांत येतात, कांदा क्विंटलांत,
लाकूड मात्र पडल्यावरच यायचं:
डेपोत आलं, लिलाव झाला, बोली लागली,
की उत्पन्न.
उभं असेपर्यंत शून्य.
यंदा वरून नवं कोष्टक आलं, उभ्या झाडांचा ताळेबंद.
सुरुवातीची शिल्लक, वाढ, घट, अखेरची शिल्लक.
पासबुकासारखंच. फक्त
खातेदाराची सही कुठे घ्यायची ते दिलेलं नाही.

घेर छातीच्या उंचीवर घ्यावा,
जमिनीपासून एक मीटर सदतीस.
ती माझ्या हनुवटीला लागते.
कुणाची छाती धरली होती, कोण जाणे.
वनरक्षक थविल आकडे लिहितात, मी फीत धरते,
आणि फीत पलीकडून हातात यायची
तर झाडाला मिठी मारावी लागते.
हे नियमावलीत नाही.
गाल घासतो. सादडा मगरीच्या पाठीसारखा,
बोंडारा थंड.
"साग, एक्क्याण्णव."
"साग, एक्क्याण्णव."
"खैर, चव्वेचाळीस."
थविल थांबतात. "खैर दोन होते, मागल्या पाहणीत."
पाचोळ्याखाली बुंधा सापडतो. कुऱ्हाडीचा नाही,
करवतीचा. अगदी सपाट.
घट: एक.

सुतळी नेमकी एका मोहावरून गेली.
अर्धा आत, अर्धा बाहेर.
खाली जिवलीबाई भोये फुलं वेचत होत्या,
पहाटेपासून, टोपली निम्मी.
थविल म्हणाले, गाभा आत असेल तर झाड आत.
गाभा कुठे ते बघायला झाड कापावं लागेल, मी म्हटलं.
कुणी हसलं नाही.
"आत धरलंस तं त्याला काय भेटंल?"
जिवलीबाई वर न बघता.
"आन् बाहेर धरलंस तं काय जाईल?"

मी विचारलं, तुमच्याकडे याची नोंद कशी?
"सासूनं दाखवलेला. तव्हा दोन पायल्या द्यायचा.
मोठा लेक झाला त्या साली नऊ.
गेल्या साली पाच.
यंदा वारा लय, बघू.
रातचं वटवाघळांचं. ते मी धरीत नाही."
मी लिहून घेतलं, मग कोष्टक पाहिलं.
एकक: घनमीटर.
पायलीला तिथे घर नव्हतं.

एकटीच्या मिठीत तो मावेना.
जिवलीबाई उठल्या, टोपली बाजूला ठेवली,
एका हाताने फितीचं टोक धरलं,
फीत फिरून आली तिथे
दुसऱ्या हाताचा अंगठा दाबला.
तीन मीटर अकरा.

त्र्यंबक नाक्याजवळच्या कार्यालयात
चौथ्या दिवशी संगणकात भरायला बसले.
क्षेत्राच्या आत: होय किंवा नाही.
शेऱ्यात मी लिहिलं, "रेषेवर".
यंत्राने परत केलं. फक्त अंक स्वीकार्य.
मी होय केलं.
लगेच गुणाकार झाला,
एका मोहाचे काही हजार मोह झाले,
तीन-अकरा घेराचे,
आणि त्यांच्यापैकी एकाच्याही खाली
कुणी बसलेलं नव्हतं.

फीत पुसून ठेवली पिशवीत.
तीन-अकराच्या खुणेवर डाग आहे,
फुलाच्या चिकाचा, अंगठ्याएवढा.
स्पिरिटने जात नाही.
आता कुठलंही झाड मोजताना
फीत तिथे जराशी अडते,
आणि कपाटात ठेवली तर
मुंग्या लागतात.